दरडोई फोटो

"भाव सांगायचा आणि तोंड मिटायचं. पुढचं गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं."

माझे सासरे हे इतक्या वेळा म्हणत, की ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी दुकानाचं शटर वर गेलं की मला त्यांचा आवाज ऐकू येतो. त्यांच्या काळी फोटो कागदावर असायचा. गिऱ्हाईक तो हातात घ्यायचं, उजेडात धरायचं, वजन केल्यासारखा वरखाली करायचं आणि मग पैसे काढायचं. हातात काहीतरी आलं, खिशातून काहीतरी गेलं. दोन्हीकडे समाधान.

आमच्या ह्यांच्या वाट्याला आला तो हातात न येणारा फोटो. समारंभात दिवसभर उभं राहायचं, शेकड्यांनी फोटो काढायचे, घरी येऊन ते निवडायचे, कोणाचा चेहरा काळवंडला असेल तर उजळायचा, कोणाचा फारच उजळला असेल तर जमिनीवर आणायचा, आणि शेवटी काय, तर फाईल पाठवायची. लोक विचारतात, "अहो, नुसतं बटण तर दाबायचंय. कागद नाही, शाई नाही, मग पैसे कसले?" ह्यांना उत्तर सुचत नाही. रात्री झोपताना सुचतं, आणि मग ते मला ऐकवतात.

भाव सांगायला तर हे अगदीच कच्चे. "एका फाईलला इतके," एवढं म्हणून होई. समोरचा माणूस बिचारा खिशात नुसता चष्मा शोधत असे. पण तेवढी शांतता ह्यांना सोसत नसे. "म्हणजे, अगदी इतकेच असं नाही," हे म्हणत. चष्मा वरच्या खिशात नाही. "दोन घेतल्यात तर एकाचेच द्या." चष्मा खालच्या खिशातही नाही. "जाऊ द्या हो, तुम्ही काय परके आहात का!" एका गृहस्थांना चष्मा सापडला तेव्हा ते म्हणाले होते, "मी पहिलाच भाव द्यायला निघालो होतो, पण आता तुमचा एवढा आग्रहच आहे तर..."

नमुना म्हणून पाठवतो त्या फोटोंवर मधोमध दुकानाचं नाव आडवं असतं, म्हणजे ते कोणी तसेच वापरू नयेत. लोक तसेच वापरतात. एका घरी तर मी भिंतीवर मोठी चौकट पाहिली. नवराबायको दोघं हसताहेत आणि दोघांच्या कपाळावरून आमच्या दुकानाचं नाव गेलंय. घरातली बाई म्हणाली, "नाव असलेलं बरं दिसतं. महागातला वाटतो."

अशात एके दिवशी जेवताना ह्यांनी घास हातातच ठेवला आणि म्हणाले, "सुचलं! भाव मी सांगायचाच नाही. फोटोनेच सांगायचा."

"म्हणजे कसा?"

"दरडोई. फोटोत जितकी डोकी, तितके पैसे. एक माणूस, एक भाव. दहा माणसं, दहापट. लोक आपली आपण मोजतील. मला तोंड उघडायलाच नको!"

"आणि नुसत्या फुलांचा फोटो असला तर?"

"फुकट."

"कोणी पाठमोरं असलं तर?"

ह्यावर मात्र त्यांनी बराच विचार केला. "अर्धे," ते म्हणाले.

मला काही ते पटलं नव्हतं. पण मी बोलले नाही. मी फार हळू बोलते असं सगळे म्हणतात. खरं सांगायचं तर पुष्कळदा मी बोलतच नाही, आणि लोकांना वाटतं त्यांनाच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुंदर अक्षरात पाटी लिहून काउंटरमागे लावली: "फोटो दरडोई. पाठमोऱ्यांना सवलत."

मग काय विचारता! जुळ्या मुलींचे वडील आले, म्हणाले, "दोघींचा चेहरा तोच आहे, एकच लावा." एका बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं, "ह्यांचं अर्धंच तोंड आलंय, तेही वाकडं. ह्याचे तुम्हीच मला काहीतरी द्या." एका फोटोत मागच्या भिंतीवर आजोबांची तसबीर होती. त्यांना मोजायचं की नाही ह्यावर दुकानात चांगला अर्धा तास भांडण चाललं. शेवटी त्यांचा नातूच म्हणाला, "आजोबांच्या फोटोचे पैसे आजोबांनी तेव्हाच दिलेत," आणि ते सगळ्यांना पटलं. डोळे मिटलेल्यांचे पैसे द्यायला तर कोणीच तयार नव्हतं. झोपलेल्या माणसाचे पैसे कसले?

आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की माणूस मोजायचा नसेल तर काढून टाकता येतो.

"हे कडेला कोण उभे आहेत, ह्यांना आम्ही ओळखतही नाही. एवढे काढून टाका ना, वहिनी." ते काम माझ्याकडे आलं. फोटोची कड सरकवायची, की माणूस बाहेर. इतकं सोपं, की करताना काही वाटतच नाही. पहिल्यांदा अनोळखी माणसं गेली, मग आवडत नसलेली. नंतर नंतर लोक फोटोकडे बघायच्या आधी कडांकडेच बघायला लागले.

अशा दिवसांत एका घरच्या आजीआजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं काम आलं. मोठा हॉल, मोठं कुटुंब. फोटो निवडायला त्या घरचे जावई आले. विम्याच्या ऑफिसातले, शांत, सज्जन, आणि पैशाला घट्ट. घरच्यांनी वर्गणी काढून त्यांच्या हाती दिली होती आणि सांगितलं होतं, एवढ्यात बसवा. दोन दुपारी ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

"हे राहू देत, वहिनी. हे हॉलवाल्यांचे मेव्हणे. ह्यांच्यामुळे भाडं कमी झालंय."

"बरं."

"ह्या काकू ठेवाच. काढल्या तर वर्षभर बोलायच्या नाहीत."

"आणि ह्या?"

"ही माझी बायको. चार फोटोंत आहे ना कुठे? झालं तर मग. इथून काढा."

"आणि हे, पांढऱ्या शर्टातले?"

"तो मी. काढा, काढा."

स्वतःला कापणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू आवरेना.

"ह्या कडेच्या बाई?"

"मावशी. सासूबाईंच्या धाकट्या बहीण. त्यांना काय वाटायचंय, त्या घरच्याच आहेत."

ह्या मावशी प्रत्येक फोटोत अगदी टोकाला होत्या. सगळे नीट उभे राहिले, की त्या कोणाची कॉलर सारखी करायच्या, कोणाचे केस मागे घ्यायच्या, बहिणीच्या खांद्यावरचा पदर नीट करायच्या, आणि हे "हं, आता" म्हणाले की धावत शेवटच्या जागी येऊन थांबायच्या. टोकाचं माणूस कापायला सर्वांत सोपं. जावईबापूंनी त्याच पैशांत जवळजवळ दुप्पट फोटो बसवले आणि आनंदाने गेले. हेही खूश. "बघितलंस? घासाघीस नाही, काही नाही. मी एक शब्दही बोललो नाही."

माझा रोजचा एक नेम आहे. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला, की आज आपल्यामुळे कोणाचं मन दुखावलं का, ते आठवून पाहायचं. त्या संध्याकाळीही पाहिलं. कोणी सापडलं नाही. मी समाधानाने जेवले.

थोड्या दिवसांनी, दुपारच्या वेळेला, मावशी दुकानात आल्या.

मी लगेच ओळखलं. दोन दुपारी जो चेहरा कापत बसले तो न ओळखून कसं चालेल? हातात कापडी पिशवी, अंगावर कडक इस्त्रीची साडी. आत आल्याबरोबर त्यांनी काउंटरवरची वाकडी पडलेली कात्री सरळ करून ठेवली.

"पन्नासाव्या वाढदिवसाचे फोटो तुमचेच ना?"

"हो."

"त्यातले कापलेले तुकडे ठेवता, का टाकून देता?"

"तुकडे?"

"जिचा समारंभ होता तिची मी धाकटी बहीण. फोटोत कुठे नाहीये, म्हणजे तुकड्यांतच असणार ना? एक तुकडा हवाय, फॉर्मला लावायला. नवीन काढायचा म्हणजे पुन्हा नटा, केस बसवा. त्या दिवशी मी बरी दिसत होते. काय भाव पडतो तुकड्याचा?"

हे इतका वेळ कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते. ते उठले आणि काहीतरी शोधायला आतल्या खोलीत गेले. आतल्या खोलीत शोधण्यासारखं काहीही नाही.

"बसा ना मावशी," मी म्हटलं. "कसला फॉर्म?"

"शहराबाहेर एक जागा आहे, एकट्या बायकांसाठी. स्वतंत्र खोली, दोन वेळचं जेवण, मागे बाग. उद्या सकाळी फॉर्म द्यायचा." त्या बसल्या, पण खुर्ची आधी काउंटरला समांतर करून. "तसं बहिणीने तिच्याकडे बोलावलं होतं राहायला. खोलीसुद्धा रिकामी करून ठेवलीय म्हणे. मी भांडी बांधायला काढली होती. मग फोनवर फोटो आले."

त्यांनी पिशवी मांडीवर सरळ ठेवली.

"म्हटलं, फोन लहान, डोळे म्हातारे. नीट बघावं. शेजारणीच्या टीव्हीवर लावून पाहिले. ती आपली विचारतेय, 'ह्यांत तुम्ही कुठल्या?' मी म्हणतेय, पुढच्यात असेन. पुढच्यात असेन, पुढच्यात असेन करत फोटो संपले. एकात माझा हात आहे, बहिणीच्या खांद्यावर. तेवढा ठेवलात, उपकार झाले."

"हाताचे पैसे नसतात," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी मागच्या पाटीकडे बोट केलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून ती दोनदा वाचली.

"दरडोई," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी महाग पडले होय?"

"नाही हो! उलट आहे सगळं." मी पटकन कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि न कापलेले फोटो काढले. "हे बघा. जावईबापूंनी परकी माणसं ठेवली, ती रागावतील म्हणून. घरची कापली. जेवढं माणूस जवळचं तेवढं आधी गेलं. त्यांनी स्वतःलासुद्धा कापलंय. इथे, इथे, आणि हे बघा, इथेही."

मावशी पुढे वाकल्या. अख्खं कुटुंब पडद्यावर दाटीवाटीने उभं होतं.

"ही पण गेली? स्वतःच्या बायकोला कापलं मेल्यानं?"

"चार फोटोंत आहेत त्या."

"आणि हा? बरं झालं. ह्याचं तोंड नेहमी असंच, औषध घेतल्यासारखं." त्यांचं बोट पडद्यावरून सरकत होतं. "हे कोण मधोमध, नाकासमोर बघणारे?"

"हॉलवाल्यांचे मेव्हणे."

"ते राहिले?"

"ते सगळ्यांत राहिले."

मावशींना हसू फुटलं. तोंडाला रुमाल लावून, खांदे हलवत त्या इतक्या हसल्या की मीही हसले. आतल्या खोलीतलं शोधकाम थांबल्याचंही मला जाणवलं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, मिटलं.

मग त्यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडून पुन्हा घातली.

"जावयाचं कळलं," त्या म्हणाल्या. "भला माणूस आहे. माझा त्याच्यावर राग नाही. पण असं बघ पोरी, फोटो कापला जावयाने. बघितला तर बहिणीने ना?"

मी पडद्यावर त्यांच्या बहिणीला शोधलं.

"इतके फोटो तिने पाहिले असतील. पाहणाऱ्यांना दाखवले असतील. मी कुठेच नाही, हे तिला दिसलं नाही? एक फोन नाही, 'अगं, तू कुठे होतीस?' एवढंसुद्धा नाही. एकतर तिला मी नसलेली चालते. नाहीतर मी नाही हे तिला कळलंच नाही. दोन्हीतलं कुठलंही असलं, तरी त्या घरी भांडी घेऊन कशाला जायचं?"

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"मी? 'मला का नाही ठेवलं गं' असं विचारून कोणाकडे राहायला जातं का? त्यापेक्षा बाग बरी. दे, तो तुकडा दे."

तुकडा काढून देणं काही अवघड नव्हतं. कड सरकवायची, की मावशी एकट्या. तेच तर मी दोन दुपारी करत होते, फक्त उलट्या बाजूने. माझा हात माऊसवर गेला आणि तिथेच थांबला.

"मी विचारते," मी म्हटलं.

"काय?"

मला वाटलं, नेहमीसारखं ऐकू गेलं नसेल. म्हणून मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं, "तुमच्या ताईंना मी विचारते. आज संध्याकाळीच जाते. हा अख्खा फोटो त्यांच्या हातात देते. त्या काय म्हणतात ते तुम्हाला येऊन सांगते. तोवर फॉर्म देऊ नका."

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. "गोड करून सांगशील."

"नाही सांगणार."

"सांगशील. तुझा आवाजच तसला आहे."

"त्या म्हणतील ते, म्हणतील तसं सांगेन. वाईट असलं तरी."

"आणि वाईटच असलं तर?"

"तर येताना तुमचा एकटीचा फोटो घेऊन येईन, फॉर्मच्या मापाचा. आणि त्याचे पैसे घेईन."

त्यांनी पिशवीतून आपला पत्ता लिहिलेली चिठ्ठी काढून काउंटरच्या कडेला सरळ रेषेत ठेवली. "पैसे घेईन म्हणालीस, म्हणून विश्वास ठेवते," त्या म्हणाल्या. "फुकट म्हणाली असतीस तर उठून गेले असते."

त्या गेल्यावर हे बाहेर आले. कपाळावर घाम.

"सगळं ऐकलंत ना?"

"थोडंथोडं."

म्हणजे सगळं. ते पाटीसमोर जाऊन उभे राहिले, आपल्याच अक्षराकडे बघत. "अगं, मी आपलं लोकांना सोपं पडावं म्हणून केलं."

"माहीत आहे मला."

त्यांनी पाटी खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: "समारंभाचा भाव एकच. माणसं कितीही." बराच वेळ ते त्याकडे बघत राहिले. "पण हा भाव तोंडाने सांगावा लागेल," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"मी सांगेन."

"आणि गिऱ्हाईक गप्प राहिलं तर?"

"मीही राहीन."

मी सगळ्यांत मोठ्या मापाचा फोटो छापायला लावला. हल्ली छापतो कोण? मशीन आधी कुरकुरलं, मग हळूहळू एकेक माणूस बाहेर यायला लागलं: आधी काकू, मग मधोमध मेव्हणे, मग पांढऱ्या शर्टातले जावईबापू, बायकोच्या मागे अंग चोरून उभे. शेवटी मावशी, एक पाय अजून हवेत, हात बहिणीच्या खांद्यावर. फोटो वाळेपर्यंत मी त्याकडे बघत होते. ताई कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या, मान जरा वळलेली होती. मावशीकडे, की मागून कोणी हाक मारली म्हणून, काही कळत नव्हतं. मी मोठं करूनही पाहिलं. तरी कळलं नाही.

"जावयांनाच फोन करून सांगूया का?" हे म्हणाले. "ते सांगतील घरी. आपण मध्ये कशाला? त्यांच्याकडे पुढच्या वर्षी नातीचं लग्न आहे. काम आपल्यालाच देणार होते."

"असू दे."

"आणि ताई म्हणाल्या, तुम्ही कोण आमच्या घरात बोलणार, तर?"

"तर तेही मावशींना सांगावं लागेल. त्या म्हणाल्या तसंच."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तुम्ही तिथे जाऊन त्यांना उरलेले सगळे फोटो फुकट देऊन याल."

त्यांनी पाकीट शोधून आणलं, मागे पुठ्ठा घातला, आणि दार उघडून धरलं.

कोणाच्या दारात जाऊन काय म्हणायचं, पहिलं वाक्य कुठलं, काही ठरलं नव्हतं. मी पाकीट वाकू नये म्हणून पिशवीत न घालता दोन्ही हातांनी छातीशी धरलं, पायरी उतरले, आणि समोरच्या इस्त्रीवाल्याने "वहिनी, आज लवकर?" असं विचारलं तेव्हा नुसती मान हलवून ताईंच्या घराच्या रस्त्याला लागले.